आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचा विचार चाललाय, पुण्यातल्या कोणाला अनुभव आहे का?

धायरीची_सायली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आलीये. प्रश्न आईचा आहे. आई ७८ ची, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. धायरीला टू बीएचके, त्यात मी, नवरा, बारावीतली मुलगी, सासरे आणि आई. सासऱ्यांची तब्येत बरी आहे पण ऐकू कमी येतं, त्यामुळे आई घरातून बाहेर पडली तरी त्यांना पत्ता लागत नाही. मी नोकरी करते, सोडणं परवडणारं नाही, होमलोन आहे.

दिवसभर ब्युरोच्या मावशी असतात, पण खरा प्रॉब्लेम संध्याकाळी सुरू होतो. पाच-साडेपाच वाजले की आई पिशवी भरायला घेते, पातळ, नॅपकिन, हरिपाठाचं पुस्तक, हाताला लागला तर टीव्हीचा रिमोट पण, आणि मग चपला घालून दाराशी उभी, "उशीर झाला गं, घरी जाते, हे येतील". घर म्हणजे नारायण पेठेतला वाडा, तो पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली त्यालाही किती वर्षं झाली. मागच्या महिन्यात मावशी बाथरूमला गेल्या तेवढ्यात ती खाली उतरली आणि कुठली बस पकडली देव जाणे, राजाराम पुलाच्या स्टॉपवर बसलेली सापडली. गळ्यातल्या कार्डावर माझा नंबर आहे, तो बघून एका कॉलेजच्या मुलीने फोन केला म्हणून बरं. त्या दिवसापासून मला ऑफिसात फोन वाजला की धडधडतं. रात्री दोनला उठून ती गॅसपाशी जाते म्हणून सिलिंडर रोज रात्री बंद करतो, मुलीचा अभ्यास होत नाही, नवरा बिचारा काही बोलत नाही पण मला दिसतंय ना.

दादा बंगळूरला असतो. पैसे पाठवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण केअर सेंटरचं नाव काढलं की म्हणतो वृद्धाश्रम अजिबात नको, बाबांना काय वाटलं असतं. आणि मामांनी तर परवा मुंजीत चार लोकांत सांगितलं की पोटच्या पोरीने आईला टाकली असं ऐकायची वेळ आणू नकोस. मला आई नकोशी झालेली नाहीये हो. ती सुरक्षित असावी आणि मी तिच्यापाशी बसले तर चिडलेली नसावं, एवढंच हवंय.

तर विचारायचं असं की पुण्यात डिमेन्शियाच्या पेशंटला ठेवून घेणाऱ्या जागा कशा असतात, जाऊन बघताना नेमकं काय बघायचं, सरकारकडून किंवा महापालिकेकडून या बाबतीत काही मिळतं का, आणि नातेवाइकांना तुम्ही काय सांगितलंत. मोकळेपणाने लिहा.

---

मांजरीकर

ताई, राग मानू नका पण मनापासून सांगतो, आईला बाहेर ठेवू नका. आमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, शेवटपर्यंत घरीच होते. आम्ही तिघं भाऊ, रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. अंथरुणातच सगळं, दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड आणला होता तरी पाठीला जखम झाली, ती दोघा भावांनी मिळून रोज साफ केली. त्यांनी लहानपणी आमचं सगळं काढलंच ना. माणूस घरात असला की त्याला वास ओळखीचा असतो, आवाज ओळखीचे असतात, नातवंडं पायात घोटाळतात, त्याने जीव राहतो. वडील बोलू शकत नव्हते पण धाकटीचं पोर कॉटवर चढलं की हात हलवायचे.

पुंडलिकाने आईबापाच्या सेवेसाठी विठ्ठलाला विटेवर उभं ठेवलं, ते ऐकत आपण मोठे झालो, पालखी आपल्या दारावरनं जाते दरवर्षी. हे सगळं नुसतं म्हणायला नाही असं मला वाटतं. तुमच्या भावाला सांगा वर्षातले चार महिने त्याने आईला घेऊन जावं. आणि रात्रीची वेगळी बाई ठेवा, खर्च निम्मा निम्मा. दाराला वरच्या बाजूला कडी लावा, म्हातारं माणूस वर बघत नाही.

---

मीनल_कोथरूड

मांजरीकर दादा, तुम्ही केलंत ते फार मोठं आहे, पण तुम्ही तिघं भाऊ आणि घरात बायका होत्या, इथे एकटी सायली आहे. आणि अर्धांगवायूचा पेशंट आणि चालताफिरता डिमेन्शियाचा पेशंट यात खूप फरक आहे, यांना चार महिने इकडे चार महिने तिकडे केलं तर आहे ती ओळखही जाते. आम्ही सासूबाईंना वर्षातून एकदाच नाशिकला नणंदेकडे नेलं तर परत आल्यावर त्यांना आमच्या घरातलं बाथरूम सापडेना.

सायली, सासूबाईंना आम्ही शेवटी भूगावच्या पुढे एका ठिकाणी ठेवलं होतं. नाव इथे लिहीत नाही कारण स्टाफ बदलला की जागा बदलते, मेसेज कर, सांगते. पण बघायला जाताना काय बघायचं ते लिहिते कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आधी फोन करून रविवारी सकाळी जाऊ नकोस, तेव्हा सगळं चकाचक असतं. वीकडेला संध्याकाळी सात-साडेसातला जा. तेव्हा दिवसाचा स्टाफ निघतो आणि रात्रीचा येतो, कोण किती आहेत ते डोळ्यांना दिसतं. रात्री किती पेशंटमागे किती माणसं आणि त्यातली जागी किती, हे सरळ विचार. आत शिरल्यावर फिनेलचा फार उग्र वास आला तरी शंका घे, वास दाबायला टाकतात. तिथल्या आज्यांच्या हातांची नखं बघ, कापलेली आणि स्वच्छ आहेत का, भिंतीवरच्या चकचकीत फोटोंपेक्षा नखं खरं सांगतात. डायपर दिवसातून किती वेळा बदलतात, आणि दिवसभर डायपरमध्येच ठेवतात की ठराविक वेळेला टॉयलेटला नेतात हे विचार. जी चालते तिला डायपर लावून खुर्चीत बसवून ठेवलं की दोन-तीन महिन्यांत चालणं जातं. बांधून ठेवतात का ते पण विचार, हो, तोंडावर विचार. आणि झोपेचं औषध डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देणार नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घे.

पैशांचं म्हणशील तर आमच्या वेळी महिना तीस हजारांच्या आसपास जायचे, डायपर औषधं वेगळी, वर डिपॉझिट. डिपॉझिट परत कधी, किती कापून, आणि पेशंट हॉस्पिटलात असेल त्या दिवसांचे पैसे लावणार का, हे लेखी घे. रात्री पडल्या तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार आणि सोबत कोण थांबणार, हे आम्ही आधी विचारलं होतं म्हणून फ्रॅक्चरच्या वेळी निभावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भेटायला कधीही आलेलं चालतं का. "पहिला महिना येऊ नका, सेट होऊ द्या" असं जे म्हणतात तिथून उठून ये.

मी आठवड्यातून दोनदा तरी जायचे, कधी मोदक घेऊन कधी नुसती तेलाची बाटली घेऊन, केस विंचरून वेणी घालून द्यायचे. घरी होत्या तेव्हा मी त्यांना जेवायला वाढायचे आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप चालू असायचा. तिकडे गेले की मी फक्त त्यांच्याजवळ असायचे. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं पण मी दिसले की बाजूच्या आजींना सांगायच्या, "आमच्याकडली आली".

---

वॉर्ड_नंबर_चार

मी एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. आमच्याकडे वर्षभर असे पेशंट येतात ज्यांना घरचे ॲडमिट करून जातात आणि फॉर्मवर दिलेला नंबर लागतच नाही. बरे झालेले आजी-आजोबा डिस्चार्जच्या कागदासह बेडवर बसून दाराकडे बघत असतात, आणि मला रोज त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागतं. सायलीताई, आईला सोडून देणारे कोण असतात ते मी बघते, दहा प्रश्न विचारून जागा शोधणारी मुलगी त्यात बसत नाही. तुमच्या मामांना हे माझ्या नावावर सांगा.

आता कायद्याचं. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. आईला स्वतःचं भागवता येत नसेल तर मुलांकडून निर्वाह भत्ता मागता येतो, अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात, कमाल महिना १०,००० रुपये, जी रक्कम आजच्या पुण्यात निम्म्या मावशीलाही पुरत नाही. मुलगा-मुलगी दोघांची जबाबदारी सारखीच, सून-जावई सध्याच्या कायद्यात नाहीत. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच सांगितलंय आणि ती केस आपल्या महाराष्ट्रातलीच होती. तुमच्या घरी भांडण नाहीये त्यामुळे अर्ज करा असं मी म्हणणार नाही, पण दादांशी बोलताना हे माहीत असू द्या की तो पैसे "पाठवतो" म्हणजे मदत करत नाहीये, त्याची बाजू सांभाळतोय.

याच कायद्यात लिहिलंय की राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढावा. म्हणजे सरकारी जागा आहे ती ज्यांना कोणी नाही, काही नाही त्यांच्यासाठी. आणि वृद्धाश्रमात बहुतेक ठिकाणी अट असते की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. आपल्याकडे नवी पेठेत 'निवारा' हा वृद्धाश्रम १८६० च्या दशकापासून आहे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांची सोय समाजाने करायची हे पुण्याला नवीन नाही. पण मध्यमवर्गातली, घर असलेली, विसरत चाललेली बाई, तिच्यासाठी सरकारी खात्यात रकानाच नाही. महापालिकेची विरंगुळा केंद्रं छान आहेत पण ती हिंडत्याफिरत्या लोकांना पेपर वाचायला, कॅरम खेळायला. ७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, ते जरूर काढा, मात्र ते हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर, रोजच्या सांभाळण्याचा एक रुपया त्यात नाही. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० मिळतात पण वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, तुमच्या आईला फॅमिली पेन्शन असेल तर ते शक्य नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, माहितीसाठी फोन करून बघा.

एक काम या आठवड्यात करा. आईला अजून सही आणि व्यवहार समजत असेल तर बँकेचं खातं जॉइंट करून घ्या. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका, माणसाची समज गेली की कायद्याने मुखत्यारपत्र पण संपतं. हे फार उशिरा कळतं लोकांना. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरून होतो, त्यासाठी तिला रांगेत नेऊ नका.

---

नागोयाहून_निनाद

मूळचा कर्वेनगरचा, जपानी शिकून इकडे आलो, आता इथेच स्थिरावलोय. आई-बाबा तिकडे दोघंच, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात गोळा आला.

इकडची पद्धत सांगतो कारण ती घरच्यांच्या जागी नाही, घरच्यांच्या सोबतीला आहे. २००० सालापासून इथे सांभाळाचा विमा आहे, कायगो होकेन म्हणतात. चाळिशीनंतर प्रत्येकाला हप्ता भरावाच लागतो, माझाही पगारातून कापला जातो. निम्मा पैसा हप्त्यांचा, निम्मा कराचा. ६५ नंतर कोणाला गरज पडली की पालिकेकडे अर्ज करायचा, त्यांचा माणूस घरी येऊन कपडे घालता येतात का, वार सांगता येतो का असं सगळं तपासतो, डॉक्टरांचा अभिप्राय घेतात आणि मग पायरी ठरते, दोन पायऱ्या थोड्या मदतीच्या आणि पाच सांभाळाच्या. त्यानुसार केअर मॅनेजर आठवड्याचं वेळापत्रक बसवून देतो. माझ्या शेजारच्या आजींना सकाळी व्हॅन न्यायला येते, दिवसभर सेंटरमध्ये अंघोळ, व्यायाम, जेवण, आणि संध्याकाळी घरी. खर्चाचा दहावा हिस्सा त्या भरतात, जास्त उत्पन्नवाल्यांना वीस किंवा तीस टक्के. सायलीताईंना खरं तर हेच हवंय ना, की आई रात्री घरी पण दिवसा आणि संध्याकाळच्या त्या वेळेला जाणत्या माणसांच्या हाताखाली.

आणि इथेही पूर्वी हेच होतं बरं का, थोरल्या मुलाच्या बायकोने सासू-सासऱ्यांचं करायचं, बाहेर ठेवलं की नाक कापलं. विमा आल्यावर बोलणं हळूहळू बदललं, कारण आता तो ज्याने त्याने हप्ता भरून मिळवलेला हक्क झाला, कोणाची दया नाही. सगळं आलबेल आहे असंही नाही. स्वस्त सरकारी धाटणीच्या नर्सिंग होमला वेटिंग असतं, तिसऱ्या पायरीच्या खाली सहसा घेतच नाहीत, माणसं मिळत नाहीत, आणि एवढं असून दरवर्षी साधारण एक लाख लोक घरच्यांना सांभाळायला नोकरी सोडतात. पण निदान कोणी एकटं नसतं. आपल्याकडे महापालिका निवडणुकीत रस्ते पाणी विचारतो तसं प्रत्येक भागात एक डिमेन्शियाचं डे केअर का नाही, हे कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

---

सुमनताई_७६

नातवाने हे टाइप कसं करायचं शिकवलंय, चुकलं तर समजून घ्या. तुम्ही सगळे मुलं-मुली बोलताय, म्हातारपण माझं चाललंय म्हणून लिहिते.

मी स्वतःहून ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला आले, दोन वर्षं झाली. मुलगा इथेच बाणेरला आहे. त्याच्याकडे मला काही कमी नव्हतं, सून सोन्यासारखी. पण सकाळी आठला सगळे बाहेर पडले की संध्याकाळी आठपर्यंत बाराव्या मजल्यावर मी आणि टीव्ही. इथे सकाळी आठ-दहा जणी चहाला असतो, मंगळवारी भजन, आणि रात्री छातीत दुखलं तर बेल दाबली की कोणीतरी येतं. मुलगा पहिल्यांदा रडला, मला म्हणाला आई माझं काय चुकलं. त्याला म्हटलं तुझं काहीच चुकलं नाही, तू मुंबईला हॉस्टेलला गेलास तेव्हा मी विचारलं होतं का तुला माझं काय चुकलं म्हणून.

मांजरीकर, तुमच्यासारखी मुलं असणं भाग्याचंच. पण मला एक विचारायचंय, तुमच्या वडिलांना बोलता येत असतं तर सुनेच्या हातून सगळं करून घ्यायला ते काय म्हणाले असते? मला स्वतःला माझ्या सुनेने माझं आंघोळपाणी केलेलं आवडणार नाही. पगार घेऊन करणारी शिकलेली बाई असेल तर मला लाज वाटणार नाही. हे आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायका आपसांत बोलतात, मुलांना सांगत नाहीत, कारण मुलांना वाटतं आम्ही रागावून बोलतोय.

सायली बाळ, तुझ्या आईला आता विचारून उपयोग नाही म्हणतील सगळे. तरी विचार. संध्याकाळी पाचला नको, सकाळी चहाच्या वेळेला विचार, जेव्हा ती जरा थाऱ्यावर असते. वृद्धाश्रमात जातेस का असं नको, दिवसभर गप्पा मारायला बायका असलेल्या ठिकाणी आवडेल का असं. आणि ज्यांची आई अजून ठणठणीत आहे त्यांनी आजच विचारा, पुढे अंथरुणाला खिळलीस तर तुला कुठे राहायला आवडेल, कोणाकडून करून घ्यायला आवडेल. विचारल्याने आम्ही मरत नाही. आमच्याबद्दल आमच्या पाठीमागे ठरतं, त्याचं मात्र फार लागतं.

---

मांजरीकर

सुमनताई, तुम्ही विचारलंत त्यावर विचार करतोय. वडिलांची अंघोळ आम्ही भाऊच घालायचो, बायकांना नाही लावलं कधी, कारण त्यांना संकोच वाटायचा हे दिसायचं. घरीच ठेवावं हे माझं मत तेच आहे, पण मदत मिळाली असती तर आमच्या थोरल्याची पाठ गेली नसती हे पण खरं. दिवसाचं सेंटर असलेली ती जपानची गोष्ट मला पटली, तसं हडपसरला कोणी काढणार असेल तर मी यायला तयार आहे उभं राहायला.

---

धायरीची_सायली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचला धागा. आज सकाळी चहाच्या वेळी आईला विचारलं. म्हणाली, "बायका असतील तर जाईन, पण तू येशील ना न्यायला?" मी हो म्हटलं. मग दादाला फोन केला, वृद्धाश्रम हा शब्दच काढला नाही, त्याला म्हटलं तू रजा टाकून पंधरा दिवस इथे येऊन राहा, आईबरोबर त्या खोलीत झोप, आणि मग आपण दोघं मिळून ठरवू. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला पुढच्या महिन्यात येतो. बँकेचं उद्याच करतेय, वय वंदना कार्डाचं पण.

मला आता असं वाटतंय की आधी दिवसाचं काही मिळतंय का ते शोधावं, सिंहगड रोड, सहकारनगर, कोथरूड कुठेही चालेल, मी सोडेन आणि आणेन. नाहीच मिळालं तर मग राहायची जागा. कोणाला डे केअर माहीत असेल तर प्लीज सांगा, महिन्याचे किती घेतात ते पण. मीनल, तुला मेसेज केलाय.

---

मीनल_कोथरूड

मिळाला मेसेज. दोन नावं पाठवलीत, त्यातल्या एका ठिकाणी फक्त दिवसाचं पण घेतात. बुधवारी सात वाजता जाऊ या, मी येते बरोबर. आईला पहिल्या फेरीत नको आणूस, आधी आपण दोघी बघून येऊ.